वरच्या तळ्याची पिकअप

४ सप्टेंबर

नोकरीत अडतीस वर्षं रोज लॉगबुक लिहिलं. कुठला खांब, कुठली तार, कोण वर, कोण खाली. रिटायर झाल्यापासून दोन वर्षं एक अक्षर लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही केलंच नाही. आज ठरवलंय काहीतरी. म्हणून ही वही.

सकाळी पेपरात चार ओळींची बातमी होती. वरच्या तळ्याकडे जाणारा कच्चा रस्ता एक डिसेंबरपासून गाड्यांना कायमचा बंद. वनखात्याचा हुकूम. त्यानंतर जायचं तर पायी, चौदा किलोमीटर चढ. माझे गुडघे घरचा जिना चढतानाच शिव्या देतात, तेव्हा पायी जाण्याचं नाव सोडा.

ते तळं म्हणजे आमच्या गँगचं तळं. पस्तीस वर्षांपूर्वी डोंगरापलीकडच्या गावांना वीज न्यायची होती. मी फोरमन, हाताखाली दहा माणसं. चाळीस दिवस तळ्याकाठी तंबू ठोकून राहिलो आणि डोंगराच्या धारेवरून तार पलीकडे नेली. त्या अकरा जणांतले आता तिघंच उरलो. मी, लांब्या आणि घुम्या. रस्ता बंद व्हायच्या आत तिघांनी एकदा वर जायचं, दोन रात्री राहायचं. बस्स.

गाडी आहे. आमच्या गँगचीच पिकअप. खात्यानं लिलावात काढली तेव्हा मी घेतली होती. बारा वर्षं मागच्या शेडमध्ये उभी आहे आणि तिच्या हौद्यात ही कापडाचे तागे ठेवते. (ही म्हणजे माझी बायको. वही कुणाच्या हाती लागली तर गैरसमज नको.) हिचं शिवणाचं काम आहे, गाड्यांच्या सीटची कव्हरं, दुकानांच्या कनाती, ताडपत्र्या. मशीन दिवसभर चालू.

म्हटलं, तागे काढ, गाडी तयार करतोय. मागं झोपायची सोय, पाणी, स्टोव्ह, सगळं.

"किती जण झोपतील?" हिनं विचारलं.

"तिघं."

"बरं," म्हणाली आणि पुन्हा मशीनवर बसली.

७ सप्टेंबर

लांब्याला फोन केला. तो तर उडालाच. "अरे फोरमन, मी आजच बूट पॉलिश करतो!" सहा फूट एक इंच माणूस, वय त्रेसष्ट, पण आवाज अजून खांबावरून ओरडल्यासारखा. घुम्याला फोन केला. सगळं सांगितलं. तो म्हणाला, "हं." घुम्याचं "हं" म्हणजे होच. चाळीस वर्षं ओळखतो मी त्याला.

१२ सप्टेंबर

मिस्त्री आला. हा माझ्याहून दहा वर्षांनी लहान आणि शंभर वर्षांनी शहाणा, असा त्याचा समज आहे. गाडीखाली सरपटत गेला, अर्ध्या तासानं बाहेर आला, हात पुसले.

"इंजिन जिवंत आहे साहेब. बाकी सगळं देवाघरी."

मागचे स्प्रिंगचे पाटे बसलेत, ब्रेकच्या नळ्या सडल्यात, टायर दगड झालेत. एकच गोष्ट चांगली. चारही चाकांना ताकद देणारा तो छोटा दांडा अजून खटकन पडतो. तो आवाज ऐकला आणि मी शेडमध्ये नसतोच, सरळ धारेखालच्या शेवटच्या वळणावर असतो. खाली दरी, मागं तारेचं रीळ, आणि आमचा ड्रायव्हर दांडा टाकताना म्हणायचा, "चला, आता रामभरोसे." गेला बिचारा, सहा वर्षं झाली.

मिस्त्री म्हणाला, दीड महिना लागेल. म्हटलं, लाग कामाला.

२० सप्टेंबर

टायर आले, जाड नक्षीचे. गाडी वीतभर उंच दिसायला लागली.

लांब्याशी तासभर फोन झाला. जुन्या गोष्टी. धुरकटलेला चहा. तंबूत एकाच बादलीत अकरा जणांचे मोजे. पहाटे तळ्यावर इतकी शांतता की नव्या ओढलेल्या तारेतून वारा गेला तर तिचा गुणगुण आवाज थेट तंबूत यायचा. आयुष्यात तसे दिवस पुन्हा आले नाहीत. खरं सांगतो, लग्न झालं तेव्हाही इतकं बरं वाटलं नव्हतं. (वही हिच्या हाती लागू नये.)

आणि माझा नियम. लांब्या अजून त्याची तारीफ करतो. वर तंबूत एक फोन होता, खालच्या ऑफिसशी जोडलेला. मी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं: तार ओढून होईस्तोवर घरचा निरोप कुणालाही द्यायचा नाही. चांगला नाही, वाईट नाही. फोन घुम्यानं घ्यायचा, वहीत लिहायचा आणि वही मिटायची. कारण घरचा निरोप आला की माणसाचा हात थरथरतो, आणि साठ फुटांवर हात थरथरला की संपलं. शेजारच्या गँगचे दोन जण त्याच वर्षी पडले. आमचा एकही नाही. चाळीस दिवस, अकरा माणसं, एक ओरखडा नाही. माझ्या नोकरीत मला कशाचा अभिमान असेल तर त्याचा.

१ ऑक्टोबर

मागच्या सांगाड्याला सुरुवात. हौद्यावर लोखंडी अँगलचा पिंजरा, वरून पत्रा, आत फळ्यांचा पलंग, पलंगाखाली खण. खडूनं फळीवर तिघांची जागा आखली. लांब्या कडेला, त्याचे पाय मागच्या दारापर्यंत जातील. मधे घुम्या, तो हलत नाही. इकडे मी.

वेल्डिंग मी स्वतःच करतोय. आमची पद्धत म्हणजे वेल्डिंग असलं तरी प्रत्येक जोडाला वर दोन बोल्ट. एक बोल्ट वजन धरतो, दुसरा पहिल्याला धरतो. मिस्त्री बघत होता. "साहेब, एवढं कशाला?" म्हटलं, तुला नाही कळायचं. खाली पडणं काय असतं ते तू बघितलेलं नाहीस.

दुपारी जेवून परत आलो तर ही फळीवर आडवी झालेली. घुम्याच्या जागेत. डोळे उघडे, वर छताच्या लोखंडाकडे बघत होती.

"काय गं?"

"काही नाही. पाठ दुखत होती, कडक जागा बरी."

घरात काय कडक जागा कमी आहेत? पण बायकांच्या पाठीचं शास्त्र वेगळंच असतं.

९ ऑक्टोबर

वेल्डिंग. डोळे चुरचुरतायत. ही टेप घेऊन आली, पिंजऱ्याची लांबी-रुंदी मोजून कागदावर लिहून गेली. विचारलं तर म्हणाली, असू दे हाताशी.

१७ ऑक्टोबर

आज नाक कापलं गेलं.

सांगाडा पुरा झाला. पत्रा बसला, पाण्याची टाकी बसली, दुसरी बॅटरी, हत्यारांची पेटी, जास्तीचं चाक एक नाही, दोन. मिस्त्रीनं चावी फिरवली, गाडी शेडबाहेर काढली आणि उंबरठ्याच्या खड्ड्यात मागचे पाटे असे खाली बसले की चाकं मडगार्डला घासली. करकर असा आवाज आला की शेजारचे बाहेर आले.

मिस्त्री म्हणाला, वजनकाट्यावर नेऊ. नेली. गाडी जेवढं ओझं उचलू शकते त्याच्यापेक्षा सहाशे किलो जास्त. आणि त्यात अजून माणसं बसायचीत.

"साहेब," मिस्त्री तोंड गंभीर ठेवून म्हणाला, "तुम्ही गाडी केलीत की टॉवर?"

काट्यावरचा पोऱ्यासुद्धा हसला. मी हसलो नाही. पण खोटं कशाला लिहू, त्याचं बरोबर आहे. अडतीस वर्षं खांब उभे केले. खांब हलू नये म्हणून बांधायचा असतो, गाडी हलावी म्हणून. माझ्या डोक्यात हा फरक शिरलाच नाही. नाकापेक्षा मोती जड.

१८ ऑक्टोबर

जेवलो नाही नीट. हिनं ताट उचलता उचलता विचारलं, "कापडाचं केलं तर?"

"कसलं कापड?"

"जाड कॅनव्हास. बाजूंना आणि वर. हलकं होईल. खाली चार बारीक नळ्या पुरतील."

म्हटलं, अगं, डोंगरात वारा काय असतो तुला ठाऊक आहे का? कापड फाटून उडेल. ती म्हणाली, "वारा ठाऊक आहे मला." आणि ताट घेऊन आत गेली. आता हिला तिथला वारा कुठून ठाऊक असणार? माझ्याच गोष्टी ऐकून ऐकून हिला वाटतं आपणही जाऊन आलो.

२२ ऑक्टोबर

कटर चालवला. तीन आठवड्यांचं काम साडेतीन तासांत भंगारात. प्रत्येक जोडाला दोन बोल्ट असल्यामुळे कापायलाही दुप्पट वेळ. मिस्त्रीला आज हसू आलं नाही, त्यानं निमूट चहा आणून दिला. तो माणूस वाईट नाही.

हिला सांगितलं, शिव कॅनव्हास. तिनं "बरं" म्हटलं आणि टेबलाखालून कापलेले तुकडे काढले. तयारच होते. कधी कापले, विचारलं तर म्हणाली, त्या दिवशी मापं घेतली होती ना.

३० ऑक्टोबर

कॅनव्हासचा तंबू गाडीवर चढला. मानलं पाहिजे. दोन्ही बाजूंना गुंडाळता येणाऱ्या खिडक्या, आत जाळी, प्रत्येक टाक्यावर दुहेरी शिलाई. मिस्त्री वजन करून आला. आता टाकी भरूनसुद्धा तीनशे किलोची सवड आहे. गाडी खड्ड्यातून गेली आणि पाटे मऊ दबून परत वर आले.

फक्त हिनं मापात चूक केली. पलंग अरुंद झालाय. दोन माणसं ऐसपैस झोपतील, तिसरा माणूस कसा मावणार? आणि आतले खिसे सगळे खाली. लांब्याला वाकून वाकून पाठदुखी होईल. म्हटलं, अगं, तिघं आहोत आम्ही.

"मावतील तेवढे मावतील," म्हणाली.

तीस वर्षांत हिच्या हातून एक बाही आखूड झालेली नाही, आणि नेमकी इथंच चूक. वय झालं, दुसरं काय. जास्त बोललो नाही. मेहनत घेतलीय तिनं.

५ नोव्हेंबर

जुन्या दगडखाणीत गाडीची परीक्षा. शिलाई ताण धरते का ते बघायचं म्हणून हीसुद्धा आली. मिस्त्री आधी चालवून दाखवत होता. चढ, उतार, दगड. मग मी बसलो. जोशात दांडा न टाकताच चढलो आणि मधेच घोडं अडलं. चाकं जागच्या जागी फिरतायत, मागं धूळ.

"उतरा साहेब, मी काढतो," मिस्त्री म्हणाला.

"मी बघू का?" ही म्हणाली.

ही कव्हरं पोचवायला छोटी गाडी चालवते, पण हे वेगळं. मिस्त्रीनं तिला दांडा दाखवला, लो गिअर दाखवला. म्हणाला, ताई, घाई नको, पायाखाली अंडं आहे असं समजा. हिनं तसंच केलं. गाडी कुरकुरत, एक एक चाक उचलत वर निघून गेली. वर जाऊन ही खाली उतरलीच नाही. दुसऱ्या वाटेनं खाली आली आणि पुन्हा चढली. तीनदा. शिलाई तपासत होती म्हणे.

नशीब असतं एकेकाचं. वाटेतली माती मी आधीच मोकळी करून ठेवली होती.

९ नोव्हेंबर

लांब्या येत नाही.

त्याच्या छातीचं काहीतरी निघालंय. डॉक्टरांनी उंचावर जायचं नाही म्हणून सांगितलं. फोनवर आधी विनोद करत होता, "फोरमन, मला खाली ठेवून जा, मी तारेचं रीळ सोडतो." मग रडला. मी लांब्याला कधी रडताना ऐकलं नव्हतं. म्हटलं, बूट तरी पॉलिश झाले ना? तर अजून रडला. फोन ठेवल्यावर बराच वेळ गाडीत जाऊन बसलो.

ठीक आहे. घुम्या आणि मी. दोघांना पलंग बरोबर होतो.

१२ नोव्हेंबर

घुम्या घरी आला. स्वतःहून. आम्ही शेडमध्ये गेलो, मी त्याला सगळं दाखवलं. तो तंबूवरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "वहिनींनी शिवलंय?" हो म्हटलं.

मग तो हौद्याच्या कडेवर बसला आणि जे बोलला ते जसंच्या तसं लिहून ठेवतो. चाळीस वर्षांत तो एका दमात एवढं बोललेला नाही.

"फोरमन, मी येत नाही. मला तिथं परत जायचंच नाही. तुला ते दिवस आवडतात, लांब्याला आवडतात. मला नाही आवडले. माझा मुलगा झाला त्याच्या बाराव्या दिवशी मला कळलं."

म्हटलं, म्हणजे?

"फोनवर मी असायचो ना. निरोप मीच घेतला. पण बोलणारा कारकून नवा होता, तो म्हणाला, नियमाप्रमाणे नाव सांगत नाही, फक्त लिहा, मुलगा झाला, दोघं ठीक. कुणाचा, ते सांगेना. आपल्या गँगमध्ये माझी आणि अजून एकाची, अशा दोघांच्या बायका दिवसांत होत्या. बारा दिवस मी विचार करत होतो, माझा की त्याचा. आणि वर चढत होतो. माझा हात थरथरत होता फोरमन, रोज. तुझ्या नियमानं हात थरथरायचा थांबला नाही. फक्त तुला दिसला नाही."

मी म्हटलं, मग तेव्हाच का नाही बोललास?

"तू फोरमन होतास," तो म्हणाला. "आणि एकही माणूस पडला नाही, हेही खरंच आहे. तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. पण मला तिथला चहा आठवत नाही. मला ती वही आठवते."

जाताना फाटकापाशी थांबला. "जायचंच असेल तर वहिनींना ने. त्यांचं राहिलंय."

"काय राहिलंय?"

"हं," म्हणाला आणि गेला.

१३ नोव्हेंबर

लिहावंसं वाटत नाही.

१४ नोव्हेंबर

मिस्त्रीला सांगितलं, गाडीला गिऱ्हाईक बघ. तो म्हणाला, डोकं ठिकाणावर आहे ना? दोन महिने राबलोय. म्हटलं, कुणासाठी राबलो? लांब्या येऊ शकत नाही, घुम्याला यायचं नाही. मी एकटा जाऊन काय तळ्याला गोष्टी सांगू? मिस्त्री काहीतरी बोलणार होता, पण आत मशीनच्या दिशेनं बघितलं आणि हत्यारं आवरायला लागला. संध्याकाळी कळवलं, रविवारी एक जण बघायला येतोय.

हिला सांगितलं. तिनं मशीन थांबवलं. एवढंच म्हणाली, "विकताय?" आणि सुईत दोरा ओवायला लागली. तीनदा चुकला. चष्म्याचा नंबर वाढलाय बहुतेक.

मला वाईट वाटतंय ते गाडीचं नाही. इतकी वर्षं मी ते दिवस सगळ्यांचे म्हणून सांभाळत होतो. ते फक्त माझेच निघाले.

१६ नोव्हेंबर

लेकीचा फोन. गाडी विकतोय म्हटल्यावर भडकली. "बाबा, काखेत कळसा आणि गावाला वळसा!"

"गाडीचा आणि कळशाचा काय संबंध?"

"आईला विचारलंत का?"

"काय विचारायचं?"

पलीकडे इतका मोठा सुस्कारा की फोनमधून वारा आला. "आई चालवते ना गाडी. आई शिवते ना तंबू. आई दोन माणसांचा पलंग करते. बाबा, तुम्ही नोकरीत फोरमन कसे झालात हो?" आणि फोन ठेवला.

मी तासभर अंगणात फेऱ्या मारल्या. पलंगाचं माप डोक्यात घोळत होतं. मग आत गेलो. ही भाजी चिरत होती.

म्हटलं, "येतेस का वर? पण आधीच सांगतो, थंडी असते. संडास नाही. जमीन टोचते. रात्री—"

"कधी निघायचं?"

"परवा म्हटलं तर—"

"चालेल," म्हणाली, आणि भाजी तशीच टाकून कपाटामागून एक पिशवी काढली. गरम कपडे, टॉर्च, दोन मग, दोन ताटल्या. पिशवीवर धूळ बसली होती. किती दिवसांची भरून ठेवली होती, विचारायची हिंमत झाली नाही.

मिस्त्रीला फोन करून गिऱ्हाईक रद्द केलं. तो म्हणाला, "मी बोलावलंच नव्हतं कुणाला."

१९ नोव्हेंबर

डोंगरापायथ्याच्या गावातून लिहितोय. आज इथंच मुक्काम, उद्या वर. खरं तर आजच चढणार होतो.

गावाच्या शेवटी खात्याचं जुनं साईट ऑफिस आहे. आता दार मोडलंय, आत गवत. मी न थांबता पुढं जाणार होतो. ही म्हणाली, "थांबवा जरा." खाली उतरली आणि सरळ इमारतीच्या मागच्या बाजूला गेली, जिथं आम्ही गाडी लावायचो. मी मागोमाग गेलो.

"इथं उभी होती ही गाडी," ती म्हणाली. "तोंड तिकडं होतं."

"तुला काय माहीत?"

"मी आले होते ना."

मला वाटलं, थट्टा करतेय. पण ती जमिनीकडे बघत बोलत राहिली, अगदी सावकाश.

"तुमचं पत्र आलं होतं, तळ्याचं. तू हे बघायला हवंस, असं लिहिलं होतंत. मी खरं मानलं. पोरगी आठ महिन्यांची होती. दोन बस बदलून आले. कारकुनानं वर फोन लावला. वरून कुणीतरी म्हणालं, निरोप लिहून ठेवतो, तार ओढून झाली की सांगतो. इथं वारा इतका होता, पोरगी रडायला लागली, म्हणून ड्रायव्हरनं ह्या गाडीत बसायला सांगितलं. ह्याच सीटवर. वर नेणार का म्हणून विचारलं, तर म्हणाला, ताई, फोरमनचा हुकूम आहे, निरोपच वर जात नाही, तर माणूस कसा जाईल? चार तास बसले. मग शेवटची बस होती, जाताना कारकुनाला म्हटलं, तो निरोप खोडायला सांगा."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही घरी आलात ते इतके खुशीत होतात. एकही माणूस पडला नाही, एकही माणूस पडला नाही, म्हणून पोरीला उचलून नाचवत होतात. तेव्हा सांगून काय केलं असतंत? मग पुढं राहून गेलं. पुढं मग लाज वाटायला लागली, की एवढ्याशा पत्राला भुलून आपण पोर घेऊन डोंगर चढायला निघालो."

मला आधी राग आला. कुणाचा ते कळेना. घुम्याचा म्हणावं, तर त्यानं माझाच नियम पाळला. मी चाळीस दिवस वर बसून तारेचं गुणगुणणं ऐकत होतो आणि त्यातले चार तास ही इथं खाली बसली होती. त्या पत्रात मी काय लिहिलं होतं तेसुद्धा मला आठवत नाही. लाज वाटली. एवढी लाज मला साठ-बासष्ट वर्षांत वाटलेली नाही. "चुकलंच माझं," एवढंच कसंबसं बोललो.

"चुकलंच," ती म्हणाली. "चला, चहा करू."

गाडी सुरू करायला गेलो तर चावी भोकात जाईना. हात थरथरत होता. तिनं बघितलं, हात पुढे करून चावी घेतली. म्हणून आज इथंच राहिलो.

२० नोव्हेंबर

गाडी हिनंच वर आणली. चौदा किलोमीटर, दोन तास दहा मिनिटं. शेवटच्या वळणावर दांडा टाकताना माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. मी बाजूला बसलो होतो आणि पहिल्यांदाच ह्या रस्त्यावर मला झाडं दिसली. चालवताना नुसता रस्ता दिसायचा.

तळं तसंच आहे. पाणी थोडं कमी. धारेवर आपले खांब उभे आहेत, सगळे सरळ.

दिवसभर मी हिला दाखवत होतो. इथं तंबू. इथं लांब्या घसरला. इथं बादली. त्या दगडावर ड्रायव्हर दाढी करायचा. ही ऐकत होती, मान डोलावत होती, सगळीकडे माझ्या मागं आली. मला जरा बरं वाटलं. पलंग खरंच ऐसपैस आहे.

२१ नोव्हेंबर

सकाळी उठलो तर ही तळ्यात. पँट दुमडून गुडघाभर पाण्यात उभी, हातात चहाचा मग. पाणी बर्फासारखं असतं ते. म्हटलं, अगं, आजारी पडशील. ती म्हणाली, "गप्प बसा जरा." मी काठावरच्या दगडावर बसलो. ती बराच वेळ तशीच उभी होती. मग बाहेर आली, टॉवेलनं पाय पुसले आणि माझ्या शेजारी बसली.

"छान आहे हो," म्हणाली. "तुम्ही लिहिलं होतंत त्यापेक्षा छान आहे."

म्हटलं, "आणखी दोन दिवस राहू. तुला धारेपर्यंत नेतो. तिथं आम्ही—"

तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "नको. हे बघून झालं माझं. ऐकूनही झालं, पस्तीस वर्षं. आता मला अशा ठिकाणी न्या, जिथं तुम्ही आधी कधी गेलेला नाहीत."

मी नकाशा काढला, बॉनेटवर पसरला. सोपं वाटलं होतं. पण जिथं बोट ठेवावं तिथं माझा एखादा खांब. ह्या घाटात लाईन टाकली, त्या नदीवरून तार ओढली, हे जंगल, ते पठार. सगळीकडे मी जाऊन आलेला, आणि सगळीकडून घरी येऊन गोष्टी सांगितलेल्या. अर्धा तास गेला. ही चहा पीत शांतपणे बघत होती. शेवटी तिनं हातातला मग खाली ठेवला आणि नकाशाच्या पार कडेला, आमच्या खात्याची हद्द संपते तिथून पलीकडे, एका रिकाम्या जागेवर बोट ठेवलं.

"इथं काय आहे?"

"माहीत नाही," मी म्हणालो.

तिनं चमकून माझ्याकडे बघितलं. सदतीस वर्षांच्या संसारात हे उत्तर मी तिला कधी दिलं नसावं. मग हसायला लागली, इतकी की मलाही हसू आलं.

"मग चला," म्हणाली.

आता ती ड्रायव्हरच्या जागेवर जाऊन बसलीय आणि हॉर्न वाजवतेय. मला अजून तंबूच्या दोऱ्या सोडायच्यात.